आयुधपूजेला हरवणारे रिपोर्ट

कंपनीत मी आजवर सगळ्यात जास्त वेळा पाठवलेलं पत्र तीन ओळींचं आहे. ‘आपल्या तक्रारीची नोंद घेतली. संबंधित रिपोर्ट आमच्या सर्व्हरवर आलेलाच नाही. कृपया आपल्या लॅबमधील कर्मचाऱ्याकडे चौकशी करावी.’ खाली माझी सही, वनजाक्षी, ग्राहक विभाग. विभाग म्हणजे मी, माझा फोन आणि एक टेबलफॅन. पत्र तयारच असतं, फक्त लॅबचं नाव आणि तारीख बदलायची. दसऱ्यानंतरच्या सोमवारी असं एक पत्र मी के. आर. नगरच्या हेमावती लॅबला पाठवलं आणि डबा खायला गेले.

मंगळवारी सकाळी फोन वाजला.

“वनजाक्षी मॅडम का? ते पत्र तुम्ही लिहिलंत?”

“कुठलं पत्र?”

“कर्मचाऱ्याकडे चौकशी करावी, ते. तो कर्मचारी मी. केली चौकशी त्यांनी.”

तिचं नाव सौभाग्या. हेमावती लॅबमध्ये तीन वर्षं रक्ततपासणीचं यंत्र ती एकटी सांभाळत होती. शुक्रवारी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या सकाळी, आठवा महिना लागलेली एक बाई साखर तपासायला आली होती. तपासणी झाली, आकडे गेले, पण डॉक्टरांच्या फोनवर रिपोर्ट पोचलाच नाही. बाई दुपारपर्यंत डॉक्टरांकडे थांबली, मग गावची बस धरून परत गेली. सोमवारी डॉक्टर भडकले आणि लॅबच्या मालकांना म्हणाले, यापुढे तुमच्याकडे पेशंट पाठवत नाही. बाईला पुन्हा बोलावून पुन्हा सुई टोचावी लागली, कारण लॅबचं यंत्र रोज रात्री मागचं सगळं पुसून टाकतं.

“मालक म्हणतात, शुक्रवार संध्याकाळपर्यंत लिहून दे. ‘रिपोर्ट पाठवायला विसरले, माफी असावी.’ लिहून दिलं तर नोकरी राहील. नाही दिलं तर शनिवारपासून येऊ नकोस.”

“मग द्या की लिहून,” मी म्हणाले. आज ते आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा म्हणाले खरी.

“कसं देऊ? मी पाठवलाय, अक्का.” मॅडमची अक्का झाली होती. “यंत्रानं चिठ्ठी छापलीय. ‘मिळालं’, दहा वाजून एकोणीस मिनिटं. मालक म्हणतात, यंत्राचं घड्याळ कुणीही फिरवेल, त्यात काय. तुम्ही मला एवढंच सांगा, तुमच्याकडे ‘मिळालं’ म्हणणारा कोण आहे? त्याला जरा विचाराल का?”

पंधरा वर्षं मी या कंपनीत आहे. म्हैसूर, मंड्या, चामराजनगर मिळून बेचाळीस लहान लॅब आमच्यावर चालतात. लॅबचं यंत्र आकडे पाठवतं, आमचा सर्व्हर त्यांचा रिपोर्ट करतो, त्यावर सही चढवतो आणि डॉक्टरांच्या फोनवर धाडतो. एवढं मला पाठ होतं. पण ‘मिळालं’ असं नक्की कोण म्हणतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला नसती उठाठेव करायची खोड आहे, असं आमच्या घरी एकमत आहे. ती पंधरा वर्षं कुठं झोपली होती कोण जाणे. ‘विचारते’ म्हणून फोन ठेवला आणि मी थेट पूवय्यांच्या खोलीत गेले.

पूवय्या कोडगू जिल्ह्यातले. मिशी भरघोस, बोलणं मोजकं. बारा वर्षं सर्व्हर त्यांच्या ताब्यात आहे, आणि सर्व्हरबद्दल कुणी काही विचारलं की त्यांना आपल्या घरच्या भानगडीत कुणी नाक खुपसल्यासारखं वाटतं.

“पूवय्या, ‘मिळालं’ कोण म्हणतं?”

“पोर म्हणतं.”

“कुठलं पोर?”

त्यांनी खुर्ची वळवली. “अक्का, मुख्य प्रोग्राम असतो ना, तो यजमान. तो स्वतः हात हलवत नाही. लॅबनं हाक मारली की एक पोर उभं करतो आणि म्हणतो, जा, ती लॅब तू बघ. बेचाळीस लॅब, बेचाळीस पोरं. आकडे घेणं, रिपोर्ट करणं, सही आणणं, पाठवणं, सगळं पोरंच करतात.”

“यजमान बसून काय करतो मग?”

“पोरांवर लक्ष ठेवतो. एखादं मेलं तर दुसरं उभं करतो.”

“मरतात?”

“मरतात कधी कधी. बहुतेक वेळा आपण होऊन जातात.”

“जाताना सांगून जातात?”

पूवय्यांनी माझ्याकडे जरा नीट पाहिलं. हा प्रश्न त्यांना आवडला असावा. “जातात. नोंदवहीत शेवटची ओळ लिहून जातात. ‘निघालो.’”

“मग शुक्रवारी हेमावती लॅबचं पोर काय लिहून गेलं, बघा ना.”

“बघतो जेवून.”

जेवण झालं, कॉफी झाली, पाच वाजले. पूवय्यांनी काही बघितलं नाही. आपला सर्व्हर चुकेल असं ज्याला वाटतच नाही, त्याला बघायची घाई कशाला असेल?

मी मात्र गप्प बसले नाही. मागच्या सगळ्या वर्षांच्या तक्रारी काढल्या आणि ‘आम्ही पाठवला, तुम्हाला पोचला नाही’ एवढ्याच वेगळ्या केल्या. काही इकडच्या तिकडच्या होत्या, कुठं वीज गेली, कुठं वायर उंदरानं खाल्ली. त्या बाजूला ठेवल्यावर एकोणीस उरल्या. सातच दिवसांत एकोणीस. वर्षाला एक दिवस, आणि त्या दिवशी दोन, तीन, चार रिपोर्ट गायब. अठरा ऑक्टोबर, सात ऑक्टोबर, पंचवीस, चौदा, चार, तेवीस, आणि यंदाची अकरा. ऑक्टोबर सोडला तर कशाचा कशाला मेळ नाही. वारही वेगवेगळे. ऑक्टोबरात काय होतं? विजा कडाडतात. पण विजा काय वर्षातून एकदाच कडाडतात?

बुधवारी सकाळी कॉफीबरोबर तो कागद घेऊन बसले होते. आमचे हे, नंजुंडय्या, बसडेपोत मेकॅनिक आहेत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कागद ओढला.

“हे काय, आयुधपूजेच्या तारखा कशाला लिहिल्यास?”

“कसल्या तारखा?”

“आयुधपूजेच्या. पंचवीसला त्या करोनाच्या वर्षी डेपोत पूजा झाली, तोंडाला फडकी बांधून. चारला मी सतरा गाड्यांना हार घातले, पाठ धरली होती, विसरलीस? आणि तेवीसला कोहळा फोडताना तो रेवण्णा घसरून पडला.” त्यांनी कागद परत दिला. “पूजेच्या दिवशी लोक सकाळपासून चुरमुरे खात बसतात. कामात लक्ष कुणाचं असतं?”

हे त्यांनी सहज म्हटलं, आणि माझ्या लक्षात आलं की मीही इतकी वर्षं हेच धरून चालले होते. सणाचा दिवस, कर्मचारी विसरला असेल. म्हणून तर पत्र टाइप करताना माझा हात एकदाही अडखळला नव्हता. इंग्रजी तारखा दर वर्षी सरकत राहिल्या, म्हणून हा एकच दिवस आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी कॉफी अर्धी टाकून निघाले. मागून हे म्हणाले, “अगं, इडली तरी खा!”

आयुधपूजेला आमच्याकडे सर्व्हर बंद करतात. मालक रंगनाथ सर चौसष्ट वर्षांचे आहेत आणि मोठे भाविक. त्यांचं म्हणणं, वर्षभर राबणाऱ्या यंत्राला वर्षातून एक तास विश्रांती द्यायची, आणि ती आपल्या हातानं द्यायची. त्या वेळी लॅबवालेही आपापल्या यंत्रांना कुंकू लावत असतात, त्यामुळे कुणाचं अडत नाही. सर स्वतः बटण दाबतात, पडदा काळा झाला की गंध-कुंकू लावतात, फोटो काढतात, मग बाहेर कोहळा फुटतो. वर्षातले बाकीचे सगळे दिवस सर्व्हर चालूच असतो. काही दुरुस्ती असली तर पूवय्या रविवारी दुपारनंतर करतात, तेव्हा लॅब बंद झालेल्या असतात.

मी पूवय्यांपुढे कागद ठेवला. “सात आयुधपूजा. एकोणीस रिपोर्ट.”

त्यांनी तारखा वाचल्या. नोंदवही उघडली, शुक्रवार, सकाळी दहा. ओळी वर सरकत गेल्या.

“अडतीस पोरं ‘निघालो’ लिहून गेलीत,” ते म्हणाले.

“आणि बाकीची चार?”

“बाकीच्या चौघांची शेवटची ओळच नाही.”

“म्हणजे लिहायचं विसरली?”

“पोर विसरत नाही, अक्का.” त्यांचा आवाज उतरला होता. “लिहायला वेळ मिळाला नाही. मारली गेली.”

“कुणी मारलं?”

ते यजमानाची वही उघडून बघायला लागले, आणि मी त्यांच्या खांद्यावरून. आतापर्यंत मी स्वतःला नुसती पत्रं पाठवणारी बाई समजत होते. त्या घटकेला मला कुणी ओढून नेलं असतं तरी मी खोलीबाहेर गेले नसते. वहीत दोनच ओळी होत्या. दहा वीस आणि चार सेकंद, ‘सगळ्यांना आवरायला सांगितलं.’ दहा वीस आणि सात सेकंद, ‘चार उरली, मारली.’

“तीन सेकंदांत? पूवय्या, तीन सेकंदांत मला चष्मासुद्धा सापडत नाही!”

“एका रिपोर्टला चाळीस सेकंद लागतात,” पूवय्या म्हणाले. “सही दुसऱ्या मशीनवरून यावी लागते. पोरानं आकडे हातात घेतले, लॅबला ‘मिळालं’ म्हटलं, सही मागायला गेलं. तेवढ्यात वरून हुकूम आला, आवरा. ते आवरतच असेल. तीन सेकंद झाले, यजमानानं गळा धरला.”

“आणि आकडे?”

“पोराच्या हातातच होते. कागदावर उतरलेच नव्हते.”

“मग ‘मिळालं’ कशाला म्हणालं ते? हातात आलं म्हणजे मिळालं?”

“लॅबवाल्यांना चाळीस सेकंद थांबायचा कंटाळा. तुमच्याकडेच तक्रारी आल्या होत्या, पूर्वी. म्हणून लगेच म्हणायला लावलं.”

मग मी विचारलं, “पण तीनच सेकंद का? एवढा घायकुता यजमान कुणी केला?”

पूवय्या मिशीवरून हात फिरवत राहिले.

“मूळ नव्वद होते,” ते शेवटी म्हणाले. “सात वर्षांपूर्वी, त्या वर्षीही आयुधपूजा शुक्रवारीच आली होती. साडेदहाला राहुकाळ लागणार. सरांना यायला उशीर झाला, भटजी घड्याळाकडे बघतायत. सरांनी बटण दाबलं, पडदा काही काळा होईना. पोरं आवरत होती ना, नव्वद सेकंद. सर ओरडले, पूवय्या, राहुकाळ लागतोय, हे बंद का होत नाही! मी तिथंच उभ्या उभ्या नव्वदचे तीन केले. एका दिवसासाठी केलं होतं, अक्का.”

“आणि परत नव्वद करायचे राहिले.”

“राहिले. रविवारी पोरांचे हात रिकामे असतात, एका सेकंदात सगळी जातात. मला कधी कळलंच नाही.”

पूवय्यांसारखा माणूस मान खाली घालून बसलेला मला बघवेना. मी त्यांच्यासाठी कॉफी मागवली. पण मनातून मी उड्या मारत होते, हेही कबूल केलं पाहिजे. सौभाग्याला ‘विचारते’ म्हटलं होतं, आणि खरंच विचारून आले होते.

गुरुवारी सकाळी आम्ही सरावाच्या मशीनवर सगळं मांडलं. मी खोटी लॅब झाले. आकडे पाठवले, ‘मिळालं’ची चिठ्ठी सरसर छापून आली, पूवय्यांनी थांबवायचं बटण दाबलं, एक, दोन, तीन. पडदा काळा. पुन्हा चालू करून शोधलं तर रिपोर्ट नाही, चिठ्ठी मात्र माझ्या हातात. मग त्यांनी तीनचे नव्वद केले, आणि पोराला नवी शिस्त लावली. आवरा म्हटल्यावर नवं काम घ्यायचं नाही, हातातलं पुरं करायचं, आणि कागदावर उतरल्याखेरीज ‘मिळालं’ म्हणायचं नाही. पुन्हा पाठवलं, पुन्हा बटण. या वेळी पडदा लगेच काळा झाला नाही. वहीत एकेक ओळ उमटत गेली, सही आली, रिपोर्ट गेला, आणि शेवटी ‘निघालो.’ मी टाळ्या वाजवल्या.

“आणि नव्वद सेकंदांतही आवरलं नाही तर?” मी विचारलं.

“तर मारावंच लागतं. कधी कधी पोर अडकून बसतं, जन्मभर वाट बघून कसं चालेल? पण मग त्यानं ‘मिळालं’ म्हटलेलं नसतं. लॅबचं यंत्र आपोआप पुन्हा पाठवतं.”

शुक्रवार संध्याकाळपर्यंत हातात दीड दिवस उरला होता. आम्ही दोघं रंगनाथ सरांच्या खोलीत गेलो. सरांनी ऐकून घेतलं. आधी त्यांचा चेहरा लाल झाला.

“पूजेमुळे रिपोर्ट जातात, असं म्हणता तुम्ही?”

“पूजेमुळे नाही सर,” मी म्हणाले. “घाईमुळे.”

त्यांनी फोन काढून पूजेचा फोटो पाहिला. काळा पडदा, त्यावर कुंकवाचा टिळा, वर वेळ दहा वाजून एकवीस मिनिटं. फोन पालथा ठेवला.

“नव्वद केले ना? झालं तर. पुढच्या वर्षी काही होणार नाही. त्या मुलीच्या मालकांना मी फोन करून सांगतो, जरा सांभाळून घ्या म्हणून.”

“काय सांगणार? चूक कुणाची म्हणून सांगणार?”

“वनजाक्षी, बेचाळीस लॅब आहेत. असं पत्र एकाला गेलं की सगळ्यांना कळतं. सात वर्षांचं विचारतील.”

“विचारू देत की! सात वर्षं आपण त्यांना विचारत होतो ना, कर्मचाऱ्याकडे चौकशी करा म्हणून? त्या पत्रांवर माझी सही आहे, सर. तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहीन. मग मला काढा.”

एवढं बोलल्यावर मुलीची इंजिनिअरिंगची फी, यांची पाठ, सगळं एकदम आठवलं. पण तोंडातून गेलेलं गेलं.

सर मला काढतो म्हणाले नाहीत. ते उठून पूवय्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, “मला दाखवा. जुनं, तीनवालं. मीच दाबतो.” पेशंटचं नाव घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःचंच घातलं, रंगनाथ अय्यंगार, वय चौसष्ट, साखर. चिठ्ठी आली, ‘मिळालं.’ सरांनी बटण दाबलं. मशीन पुन्हा चालू झाल्यावर स्वतःचं नाव शोधलं, तर उत्तर आलं, ‘नोंद नाही.’ पुन्हा एकदा केलं. पुन्हा ‘नोंद नाही.’ सर खरोखरच मधुमेही आहेत. हातातली चिठ्ठी आणि पडद्यावरची ओळ यांच्याकडे ते आळीपाळीनं बघत राहिले.

“त्या बाईला पुन्हा सुई टोचली?” त्यांनी विचारलं.

“हो सर.”

“लिहा. एकोणीसच्या एकोणीस लिहा. सही माझी.”

मी संध्याकाळपर्यंत एकोणीस पत्रं केली. या वेळी नुसतं नाव आणि तारीख बदलायचं माझ्या मनाला पटेना. प्रत्येक जुनी तक्रार उघडली, कुठल्या कर्मचाऱ्याचं नाव होतं ते शोधलं, आणि पत्र लॅबच्या नावानं न करता त्या माणसाच्या नावानं केलं. ‘आपण रिपोर्ट पाठवला होता. तो आम्हाला मिळाला होता. तो आमच्या चुकीमुळे नष्ट झाला.’ पूवय्या मागे उभे राहून वाचत होते. ‘आमच्या’च्या जागी त्यांनी मला ‘पूवय्या यांच्या’ असं घालायला सांगितलं. मी घातलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी के. आर. नगरची बस धरली. फोनवर सांगून भागलं असतं, पण मालकाच्या टेबलावर सरांच्या सहीचा कागद पडायला हवा होता. सोबत हेमावती लॅबमधल्या माणसांच्या नावांची दोन पत्रं होती, एक यंदाच्या रिपोर्टचं, एक तीन वर्षांपूर्वीच्या, आणि मालकासाठी यंदाच्या पत्राची सरांच्या सहीची आणखी एक प्रत.

मालक बसवराजप्पांनी प्रत दोनदा वाचली. “म्हणजे चूक तुमची.”

“आमची.”

“हे डॉक्टरांना दाखवू?”

“दाखवा. म्हणून तर आणलंय.”

त्यांनी आतल्या दाराकडे बघून हाक मारली, “सौभाग्या! ते लिहून द्यायचं राहू दे.” बस्स, एवढंच. माफी वगैरे नाही. प्रत घेऊन डॉक्टरांकडे निघून गेले.

सौभाग्या बाहेर आली. माझ्या मनात होती त्यापेक्षा लहान चणीची, पांढऱ्या कोटाच्या बाह्या दुमडलेल्या. तिच्या नावाचं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं, मग बाकावर बसली.

“‘मिळालं’ म्हणणारा सापडला तुम्हाला,” ती म्हणाली.

“सापडला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला पुरं करू दिलं नाही.”

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “अक्का, एक सांगू? मी लिहून ठेवलं होतं. विसरले, माफी असावी. पर्समध्ये आहे. नवरा म्हणाला, कागदाच्या चिटोऱ्यासाठी नोकरी घालवतेस काय. आज संध्याकाळी देणार होते.”

मी तिच्या शेजारी बसले. तोच सल्ला मीही तिला दिला होता, फोनवर, आरामात. मी आपली पिशवी उघडली आणि दुसरं पत्र काढलं.

“हेही तुमच्या लॅबचं आहे. चौदा ऑक्टोबर, तीन वर्षांपूर्वीचं. पुट्टस्वामी म्हणून आहेत ना इथं कुणी? त्यांना द्यायचंय.”

सौभाग्यानं पत्रावरचं नाव वाचलं.

“इथं नाहीत ते,” ती म्हणाली. “त्यांच्याच जागेवर मी आले. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आधीचा माणूस लबाड होता, काम न करता ‘पाठवलं, पाठवलं’ म्हणायचा, वर चिठ्ठी नाचवायचा. लिहून दे म्हटलं तर दिलं नाही, म्हणून घालवला.”

“त्यांनी लिहून दिलं नाही?”

“नाही दिलं.” ती पत्राची घडी उलगडत होती, पुन्हा घालत होती. “बाजारात भेटायचे मला. सुरुवातीला थांबायचे, यंत्राचं काही विचारायचे, कसं चाललंय म्हणून. मी बोलायची नाही. लबाड माणूस, कशाला बोलायचं? शिकायला येणाऱ्या पोरींना मी त्यांचंच नाव सांगते, अक्का. म्हणते, पुट्टस्वामीसारखं करू नका.”

आत यंत्रानं काम संपल्याची घंटी वाजवली. ती उठली नाही.

“कुठं असतात ते आता?”

“संतेपेठेत नारळ विकतात.”

“चला, मी येते तुमच्याबरोबर,” मी म्हणाले. “पत्र तर आमचंच आहे. मीच देते त्यांना.”

“नको.” सौभाग्यानं कोट काढून खुंटीला लावला. पर्स घेतली, पत्र हातातच ठेवलं. “तुम्ही त्यांना लबाड म्हणाला नव्हतात. मी म्हणाले होते.”

ती पायऱ्या उतरून गेली. आतली घंटी वाजत राहिली, म्हणून मी उठून यंत्रापाशी गेले, आणि कुठलं बटण दाबायचं ते मला ठाऊक नसल्यामुळे तशीच उभी राहिले.